युद्धनौका बघायला कोणाची नावं पाठवायची ते आधी नीट ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

४ डिसेंबरचा नौदल दिन जवळ यायला लागला की किनाऱ्यावरच्या गावांत एक विषय हमखास निघतो. मुंबईला डॉकयार्डात जहाजं बघायला न्यायचंय, नाहीतर एखादं जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहणार आहे, तर तुमच्याकडून नावं द्या, असा निरोप येतो. जागा थोड्या असतात, हाताशी दोन-तीन दिवस असतात आणि मग ज्याचा फोन आधी लागतो त्याचं नाव यादीत जातं. मी किनाऱ्यावरच्या एका हायस्कूलात शिकवतो, असल्या याद्या बनताना जवळून बघितल्यात, आणि यंदा तरी हे वेळेत कोणीतरी बोलावं म्हणून हे पत्र लिहितोय.

यादीत कोण असतं ते सगळ्यांना माहितीये. पदाधिकारी, त्यांचे दोन कार्यकर्ते, कोणाचा तरी मुंबईहून आलेला पाहुणा, दर कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसणारी चार ठरलेली माणसं. मी त्यांच्या विरोधात नाही. सरपंचांनी जायलाच हवं कारण उद्या जेट्टीचा, किनारा सुरक्षेचा, वादळाचा विषय आला तर नौदल आणि कोस्ट गार्डशी बोलायची वेळ त्यांच्यावरच येते. पण एक सरपंच गेला की ते काम झालं. उरलेल्या जागांवर दरवर्षी तीच माणसं का? एकदा माझ्या डोळ्यांसमोर एका कार्यालयात शेवटच्या दिवशी यादी बदलली, शाळेतल्या मुलांची काही नावं खोडून तिथे ओळखीपाळखीची घातली गेली आणि त्यातले काहीजण त्या दिवशी आलेच नाहीत. सिक्युरिटीसाठी नावं आधीच पुढे गेलेली असल्यामुळे ऐनवेळी दुसरं कोणी घेता येत नाही, म्हणजे गाडीत जागा रिकाम्या आणि पोरं घरी. खोडलेल्यात एक मुलगी होती जिने दोन दिवस आधी बूट धुऊन वाळत घातले होते, तिला काय सांगायचं तेच मला कळेना.

माझ्या मते नाव ठरवताना दोनच गोष्टी बघाव्यात. या माणसाचं समुद्राशी रोजचं काम आहे का किंवा उद्या पडणार आहे का, आणि हा परत आल्यावर चार जणांना बसवून सांगेल का. दुसरी गोष्ट मला तर जास्तच महत्त्वाची वाटते कारण युद्धनौकेवर जाताना मोबाईल बहुतेक वेळा बाहेरच ठेवावा लागतो, फोटो नाही, व्हिडिओ नाही, तुम्ही जे डोळ्यांनी बघाल आणि तोंडाने सांगाल तेवढंच गावाला मिळणार. मग जो माणूस कोणाशी बोलतच नाही किंवा ज्याला फक्त स्टेटसला फोटो टाकायचाय त्याला पाठवून गावाच्या पदरात काय पडणार?

पहिलं नाव तांडेलाचं हवं. नाखवा, बोटमालक हे नंतर, आधी जो स्वतः सुकाणू धरून रात्री-बेरात्री पंधरा-वीस वाव खोल पाण्यात बोट नेतो तो. आपल्या बोटीवरून त्याला युद्धनौका दिसते ती लांबून, करड्या रंगाची, भरधाव जाणारी, आणि त्याच्या मनात एकच प्रश्न असतो की यांना आपली बोट दिसते का. त्याला एकदा त्या जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, उभं करा. विशाखापट्टणम वर्गाचं जहाज, आपल्या माझगाव डॉकमध्येच बांधलेलं, १६३ मीटर लांब आणि साधारण ७,४०० टनांचं आहे. एवढं मोठं धूड वेगात असताना चटकन थांबत नाही, चटकन वळतही नाही, हे तिथल्या काचेतून खाली बघितल्यावर जसं कळतं तसं कुठल्या पत्रकातून कळत नाही. लाकडाची नाहीतर फायबरची बोट रडारवर लोखंडी जहाजासारखी ठळक उमटत नाही, त्यात लाटा उसळलेल्या असल्या की आणखीनच पुसट होते, आणि रात्री डेकवरचा दिवा बंद करून जाळ्यावर झोपलेली बोट म्हणजे जवळपास अदृश्यच. हे तांडेलाने स्वतः त्या स्क्रीनवर बघितलं ना, तर परत आल्यावर बोटीवर दिवा लावा, व्हीएचएफ रेडिओ सोळा नंबर चॅनलवर चालू ठेवा, संकटात कोस्ट गार्डला १५५४ लावा हे तो आपल्या खलाशांना ज्या अधिकाराने सांगेल तो अधिकार माझ्यासारख्या मास्तराकडे नाही आणि ट्रेनिंगला आलेल्या साहेबाकडेही नाही.

आणि शिकणं काय एकाच बाजूने होत नाही. डोल (समुद्रात खुंटांना बांधून ठेवलेलं जाळं) कुठे लावलेली असते, बोया आणि बावटे कसे ओळखायचे, कव (डोलीसाठी ठोकलेल्या खुंटांची रांग) किती लांब पसरलेली असते, कोणत्या महिन्यात बोटी कुठल्या पट्ट्यात गर्दी करतात, हे ब्रिजवरच्या तरुण अधिकाऱ्याला तांडेलाशिवाय कोण सांगणार? तो अधिकारी कदाचित हरियाणाचा असेल, बिहारचा असेल, त्याला आपला किनारा नकाशावर पाठ असतो पण त्या पाण्यात कोण कसं जगतं ते माहीत नसतं. ती दहा मिनिटं दोघांना एकत्र मिळाली तर उद्या जाळं तुटायचं वाचेल, कदाचित जीवही वाचेल.

इथे एक अडचण आहे आणि ती कोणी लक्षात घेत नाही. नौदल सप्ताह येतो नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे ऐन मासेमारीच्या हंगामात. जून-जुलैची बंदी उठल्यावर जो तो कर्ज फेडायच्या मागे असतो, तांडेल एक दिवस बोट बांधून जहाज बघायला येईल असं वाटतं का तुम्हाला? मग बैठकीत कोणीतरी म्हणतं की कोळी लोकांना इंटरेस्टच नसतो, आणि त्यांची नावं गळतात. इंटरेस्ट आहे हो, वेळ नाहीये. डोलकरांना विचारा, उधाणाला त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते पण भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत पाण्याला ओढ नसते तेव्हा बोटी बऱ्याचदा किनाऱ्यालाच असतात. सप्तमी-अष्टमीच्या आसपासची तारीख मागून घेतली, निदान मागून बघितली, तर तांडेल येईल. जहाजाचं वेळापत्रक आपल्या हातात नाही हे मला कळतं, पण मुंबईला जहाजं एकाच दिवशी उघडी नसतात, आणि विचारल्याशिवाय कोणी आपल्या सोयीचा दिवस कसा देईल. ट्रॉलर, पर्ससीनवाल्यांचं गणित वेगळं, ते बर्फ-डिझेल घ्यायला कधी येतात ते मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारायचं, त्याच्या वहीत सगळं असतं.

दुसरं नाव सागर रक्षक दलातल्या, म्हणजे किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या गावच्या स्वयंसेवकांतल्या माणसाचं. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडात दिघी आणि शेखाडीला शस्त्रं-स्फोटकं उतरली होती हे आता नव्या पिढीला माहीतही नाही. त्यानंतर ऑपरेशन स्वान सुरू झालं, गस्त वाढली. २००८ ला २६/११ चे अतिरेकी 'कुबेर' नावाची मासेमारी बोट पळवून आले आणि रबरी बोटीतून मुंबईत मच्छीमार वस्तीजवळ उतरले तेव्हा त्यांना सगळ्यात आधी बघितलं, हटकलं ते तिथल्या कोळी लोकांनीच. त्याच्या पुढच्या वर्षी सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे आली, आणि तेव्हापासून प्रत्येक सरकारी भाषणात मच्छीमार म्हणजे किनाऱ्याचे डोळे आणि कान असं आपण ऐकतो. मग ज्यांना डोळे आणि कान म्हणतो त्यांना ते जहाज आतून का दाखवत नाही? सागर कवच या किनारा सुरक्षेच्या सरावात ही पोरं रात्रभर जेट्टीवर जागतात, बिनपगारी, एक टॉर्च आणि शिट्टी घेऊन. आपण कळवलेली खबर पुढे कुठे जाते, कोण ऐकतं, कोण निघतं, हे त्यांना एकदा प्रत्यक्ष दिसलं तर पुढच्या वेळी संशयास्पद बोट दिसल्यावर ते फोन करायला कचरणार नाहीत.

आता मुलांबद्दल, कारण माझा खरा जीव तिथे आहे.

मुलं निवडताना आपण दोन चुका करतो. एक तर अगदी लहान मुलं नेतो, चौथी-पाचवीतली, कारण ती कोणाची तरी असतात आणि हट्ट करतात. नाहीतर फक्त पहिल्या तीन नंबरांची नेतो. पहिला नंबर आलेल्या मुलाला डॉक्टर व्हायचं असतं, तो जहाज बघून येईल आणि विसरून जाईल. अग्निवीर भरतीचं वय साडेसतरा ते एकवीस आहे, नौदलात एसएसआरला (बारावीवरची भरती) बारावीला गणित आणि फिजिक्स लागतं, एमआरला (दहावीवरची भरती) दहावी चालते. म्हणजे ज्याला हे वेळेत कळायला हवं तो मुलगा किंवा मुलगी आज दहावी-अकरावीत आहे. दहावीतल्या मुलाला जहाजावर कळलं की इथे यायला गणित सोडून चालत नाही, तर अकरावीला तो कोणती साईड घ्यायची याचा वेगळा विचार करेल. बारावीनंतर कळून काय उपयोग, तेव्हा विषय निवडून झालेले असतात.

आणि मुली. निम्म्या जागा मुलींना द्या असं मी स्पष्ट लिहितो. आयएनएस चिल्का या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातून २०२३ च्या मार्चमध्ये अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली त्यात २७३ मुली होत्या. त्याच वर्षी प्रेरणा देवस्थळी यांची आयएनएस त्रिंकटच्या कमांडिंग ऑफिसर म्हणून निवड झाली, नौदलाच्या युद्धनौकेची कमान मिळालेली ही पहिली महिला अधिकारी, आणि आपल्या मुंबईची. सहा मुलींनी २०१७-१८ ला तारिणी या छोट्या शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी मारली. आमच्या वर्गात अशा मुली आहेत ज्या पहाटे आईबरोबर लिलावाला जातात, टोपल्या उचलतात, बर्फ फोडतात आणि मग दप्तर घेऊन शाळेत येतात. पाण्याची भीती त्यांना कधीच नव्हती. पण घरात कोणी असा विचारच मांडलेला नसतो की समुद्रावर मुलीला नोकरी असू शकते, आणि हा विचार त्यांच्या आईच्या डोक्यात शिरायचा असेल तर आईलाही न्या. मी तर म्हणेन मुलगी आणि तिची आई अशी जोडीच पाठवा, कारण घरी शेवटी निर्णय तिथेच अडतो.

आयटीआयची पोरं तर कोणाच्या गणतीतच नसतात. फिटर, वेल्डर, डिझेल मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डला स्वतःचं अप्रेंटिस स्कूल आहे, आयटीआय झालेल्यांना तिथे घेतात, हे मी विचारलेल्या बहुतेक मुलांना माहीत नव्हतं. जो मुलगा बोटीचं इंजिन उघडून नोझल साफ करतो, वासावरून सांगतो की डिझेलमध्ये पाणी गेलंय, त्याला तुम्ही गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या जहाजाच्या मशिनरी कंट्रोल रूमच्या दारात उभं करा आणि त्याचा चेहरा बघा. जिथपर्यंत नेतील तिथपर्यंतच नेतील, सगळं दाखवत नाहीत, पण जेवढं दाखवतात तेवढंही त्याला पुरतं. तो जे प्रश्न विचारेल ते आपल्यापैकी कोणालाच सुचणार नाहीत. समुद्राचं खारं पाणी गोडं कसं करता, एवढ्या माणसांना पुरतं कसं, वीज बंद पडली तर काय करता, सांडपाणी कुठे जातं. असे प्रश्न विचारणारा एक मुलगा असला की नेणाऱ्या नौसैनिकालाही सांगायला हुरूप येतो.

आणखी एक गट आहे ज्याचा आपल्याला साफ विसर पडलाय, आपल्याच गावातले निवृत्त नौसैनिक. ब्रिटिशांच्या काळात रॉयल इंडियन मरीनची खलाशी भरती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून व्हायची (तेव्हा सिंधुदुर्ग त्यातच होता). १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातून नाविकांचं बंड सुरू झालं. १९७१ ला कराचीवर क्षेपणास्त्रं टाकून आलेल्या बोटी, त्यानंतर पाचच दिवसांनी बुडालेली आपली युद्धनौका खुकरी आणि तिच्याबरोबर गेलेले १९४ जण, या सगळ्याचं ओझं वाहिलेल्या पिढीतले लोक आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यातला एखादा गावात असला तर त्याला घरी जाऊन निमंत्रण द्या. तरुण नौसैनिक अशा माणसाला कसं वागवतात ते मी बघितलंय, त्याचा हात धरून, सर सर म्हणत, आपली जहाजं दाखवायची घाई करत. आणि शाळेतली मुलं त्याच्याबरोबर असतील तर येताना गाडीत जे ऐकायला मिळेल ते त्यांना आयुष्यभर पुरेल. पतीच्या नोकरीच्या काळात वर्षानुवर्षं एकटीने घर सांभाळलेल्या बायका आहेत, काही आता एकट्याच आहेत, नवरा ज्या जहाजावर होता ते कसं असतं हे ज्यांनी कधीच बघितलं नाही, त्यांनाही.

वयस्कर लोकांना न्यायचं म्हटलं की लगेच कोणीतरी म्हणतं की शिड्या चढता येणार नाहीत. खरंय, जहाजावरच्या शिड्या म्हणजे जवळजवळ उभ्याच असतात, उतरताना तोंड शिडीकडे करून उतरावं लागतं, आणि प्रत्येक दाराला घोट्याच्या वर येणारा लोखंडी उंबरा असतो, पाय उचलून टाकला नाही तर नडगी फुटते. जहाज जेट्टीला नसून बाहेर नांगरलेलं असलं तर लाँचमधून हलत्या पाण्यात गँगवेवर पाय टाकावा लागतो, ते आणखी कठीण. पण यावर उपाय नाव कापणं हा नाही, आधी सांगणं हा आहे. बायकांनी सलवार-कमीज घालून या, साडीच नेसायची तर कासोटा मारून या, चपला नकोत, रबरी सोलचे बूट हवेत, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वरच्या डेकवरच थांबायचं, तिथे खुर्ची द्या म्हणून आधीच कळवून ठेवायचं. एवढं आधी नीट सांगितलं तर सत्तरीची माणसंही आनंदाने येतात.

यादीत सगळ्या वाड्या, सगळे समाज यायला पाहिजेत हेही लिहून ठेवतो, कारण नाहीतर एकाच वाडीची गाडी भरते. शिवाजी महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी होते तसे दौलतखान होते, कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी सगळे होते, आरमार उभं राहिलं ते या सगळ्यांच्या जिवावर. नौदलाने सत्तरच्या दशकात आपल्या बोटींना विजयदुर्ग, सिंधुदुर्ग अशी नावं दिली, आताच्या पाणबुडीचं नाव खांदेरी आहे, २०२२ पासून नौदलाच्या निशाणावर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. पण त्या किल्ल्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या, त्याच पाण्यात रोज जाळं टाकणाऱ्या कितीतरी घरांतला एकही माणूस आजवर नौदलाच्या जहाजावर चढलेला नाही, आणि मला याचं खरोखर वाईट वाटतं.

हे सगळं करायला काही नवा कायदा नकोय. नावं आधी मागवा, निरोप आल्यावर नाही, दिवाळीच्या आधीच. शाळेने, सोसायटीने, सागर रक्षक दलाने, आयटीआयने, महिला बचत गटाने आपापली दोन-चार नावं द्यावीत आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहावी की हाच का. एक ओळ लिहायची म्हटली की पाहुण्यारावळ्यांची नावं आपोआप गळतात, लिहिणार काय? जो एकदा जाऊन आला त्याचं नाव पुढची तीन वर्षं नको. आधारकार्डावर जसं आहे तसंच नाव लिहा, स्पेलिंग चुकलं म्हणून गेटवर माणूस अडकतो. राखीव नावं त्याच यादीत, त्याच वेळी पाठवा, म्हणजे कोणी आजारी पडलं तर जागा फुकट जाणार नाही. आणि यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, अंतिम झालेली यादी, तारखेसकट, म्हणजे रात्रीत नाव बदललं तर सकाळी सगळ्यांना दिसेल.

जाऊन आलेल्यांनी काय करायचं तेही आधीच कबूल करून घ्या. तांडेलाने सोसायटीच्या बैठकीत अर्धा तास बोलायचं, मुलांनी परिपाठात सांगायचं आणि शेजारच्या शाळेतही जायचं, निवृत्त नौसैनिकाला घेऊन. जे बघितलं त्यातलं काय सांगायचं आणि काय नाही हे जहाजावर सांगतातच, ते पाळायचं.

आमच्या शाळेत यंदा आम्ही दहावी-अकरावीच्या मुलांकडून एकेक पान लिहून घेतोय, मला जहाजावर काय बघायचंय आणि कोणाला काय विचारायचंय एवढंच. भाषा कशी आहे, अक्षर कसं आहे ते बघणार नाही, प्रश्न बघणार. ती पानं नावांसोबत आम्ही संबंधित कार्यालयाला जोडून देऊ. इतर शाळांनीही असं केलं आणि सगळ्यांनी मिळून दिवाळीच्या सुट्टीआधी नावं नेऊन दिली तर शेवटच्या दिवशी खोडाखोड करणं कोणालाही सोपं जाणार नाही. आपण हे पत्र त्याआधी छापावं एवढी विनंती.

आपला,
किनाऱ्यावरचा एक शिक्षक